दोन फासे, एक तक्ता: सैद्धांतिक आणि प्रायोगिक संभाव्यता ताडून कशी पाहायची

खेळ असा. दोन फासे एकदम टाकायचे आणि मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा. उत्तर ०, १ किंवा २ आलं तर डाव पहिल्या खेळाडूचा. ३, ४ किंवा ५ आलं तर दुसऱ्याचा. दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडला तर फरक शून्य, म्हणजे तो डावही पहिल्याचाच. दोघांच्या वाट्याला तीन-तीन उत्तरं आली आहेत, त्यामुळे खेळ सरळ दिसतो. तो सरळ नाही. किती वाकडा आहे हे आधी कागदावर काढायचं, मग फासे टाकून बघायचं आणि शेवटी दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची.

पहिले दोन टप्पे बहुतेकांना जमतात. तिसरा मात्र वहीत एका वाक्यात उरकलेला असतो: 'दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी आली.' जवळजवळ म्हणजे किती? साठ फेकींत पाचचा फरक पडला तर ते जवळ की लांब? या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

दोन संभाव्यता

सैद्धांतिक संभाव्यता विचाराने काढतात. आपल्याला हव्या त्या निष्पत्ती (म्हणजे प्रयोगातून येऊ शकणारे निकाल) किती आणि एकूण निष्पत्ती किती, यांचा भागाकार म्हणजे ही संभाव्यता. यात एक अट दडलेली आहे: सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या हव्यात. प्रायोगिक संभाव्यता मोजून काढतात. घटना किती वेळा घडली आणि प्रयोग एकूण किती वेळा केला, यांचा भागाकार. पहिली संख्या कागदावर एकदा आली की आली, ती हलत नाही. दुसरी प्रत्येक फेकीनंतर थोडी सरकते, आणि तुमची व शेजारी बसलेल्याची सारखी येईलच असं नाही.

तयारी

दोन वेगळ्या रंगांचे फासे घ्या, समजा एक लाल आणि एक निळा. एकाच रंगाचे असतील तर एकावर पेनाने खूण करा. रंग वेगळे हवेत ते खेळासाठी नव्हे, मोजणी नीट समजावी म्हणून. कारण पुढे येईलच. उंच कडांचा एखादा खोका, कागद आणि पेन्सिल एवढं पुरे. फासे खोक्यात टाकले की ते खोलीभर शोधावे लागत नाहीत, आणि कडेवर आपटून चांगले घोळले जातात.

फासे हातात घेण्याआधी एक अंदाज लिहून ठेवा: शंभर डावांत पहिला खेळाडू किती जिंकेल? गणित न करता, मनाला वाटेल तो आकडा. हा टप्पा गाळायचा मोह होतो, पण गाळू नका. नंतर उत्तर कळलं की 'मला हेच वाटलं होतं' असं प्रत्येकालाच वाटतं.

आधी कागदावर: छत्तीस घरांचा तक्ता

लाल फाशाचे आकडे डावीकडे उभे, निळ्याचे वर आडवे. प्रत्येक घरात दोघांतला फरक लिहा.

| लाल \ निळा | १ | २ | ३ | ४ | ५ | ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
| २ | १ | ० | १ | २ | ३ | ४ |
| ३ | २ | १ | ० | १ | २ | ३ |
| ४ | ३ | २ | १ | ० | १ | २ |
| ५ | ४ | ३ | २ | १ | ० | १ |
| ६ | ५ | ४ | ३ | २ | १ | ० |

ही छत्तीस घरं म्हणजे या प्रयोगाचा नमुना अवकाश, सगळ्या शक्य निष्पत्तींची यादी. आता मोजा: फरक ० असलेली घरं ६, फरक १ ची १०, २ ची ८, ३ ची ६, ४ ची ४ आणि ५ ची अवघी २. बेरीज ३६ आली पाहिजे. नाही आली तर पुढे जाण्याआधी तक्ता तपासा. पहिल्या खेळाडूची घरं ६ + १० + ८ = २४, दुसऱ्याची ६ + ४ + २ = १२. म्हणजे पहिल्याची सैद्धांतिक संभाव्यता २४/३६, म्हणजे २/३ आणि दुसऱ्याची १/३. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट डाव जिंकणार.

इथे नवख्यांचा एक प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. लाल २ व निळा ५, आणि लाल ५ व निळा २, यांत फरक एकच. मग त्या दोन वेगळ्या निष्पत्ती का धरायच्या? एकच धरली तर एकूण जोड्या २१ होतात आणि हिशेब सुटसुटीत होतो. पण त्या २१ जोड्या समसंभाव्य नाहीत. (२, ५) ही जोडी दोन प्रकारे पडू शकते, (३, ३) मात्र एकाच प्रकारे. रंग वेगळे घेतले की हे डोळ्यांना दिसतं. फाशांना आपण कोणता रंग दिला याच्याशी घेणंदेणं नसतं. दोन्ही पांढरे असले तरी निष्पत्ती छत्तीसच राहतात.

खेळ सरळ वाटण्यामागेही हीच चूक आहे. फरकाची उत्तरं सहा, त्यातली तीन माझी, म्हणून संभाव्यता निम्मी, असा तो तर्क. उत्तरं सहा आहेत हे खरं. ती समसंभाव्य आहेत हे कुणी तपासलेलं नसतं. या खड्ड्यात भले भले पडले आहेत. फ्रेंच गणिती द'लांबेर यांनी १७५४ मध्ये विश्वकोशातल्या नोंदीत एक प्रश्न घेतला: नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? पहिल्याच वेळी छापा पडला की खेळ संपतो, तेव्हा शक्यता तीनच: छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. तिघांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३, असं त्यांचं म्हणणं होतं. खरं उत्तर ३/४. पहिल्याच फेकीत छापा पडणं ही शक्यता बाकीच्या दोन्हींच्या दुप्पट वजनाची आहे, ती त्यांनी इतरांच्या रांगेत सारखीच बसवली.

किती फेकी, हे आधी ठरवा

साठ म्हणा किंवा दोनशे चाळीस, पण संख्या आधी लिहा आणि तिथेच थांबा. 'आता उत्तर बरोबर जमलंय, थांबू या' असं केलं तर प्रयोग उरत नाही. फासे टाकता टाकता गुणोत्तर २/३ च्या वर-खाली होत राहतं, आणि सोयीच्या क्षणी थांबणारा माणूस काहीही सिद्ध करू शकतो. संख्येशेजारी अपेक्षित आकडाही लिहा. साठ फेकींत पहिल्याचे ६० × २/३ = ४० डाव.

फेकी आणि नोंद

प्रत्येक वेळी फासे ओंजळीत चांगले हलवा आणि खोक्यात अशा उंचीवरून टाका की ते दोन-चारदा तरी उलटतील. फासा कडेला टेकून तिरका राहिला किंवा खोक्याबाहेर गेला तर ती फेक रद्द करून दोन्ही फासे पुन्हा टाकायचे. हा नियमही आधीच ठरवा. आकडा बघितल्यावर 'हा तिरका होता की नाही' यावर वाद घातला तर निकाल हवा तिकडे झुकतो, तोही नकळत.

नोंद करताना फक्त 'पहिला' आणि 'दुसरा' असे दोन रकाने करू नका. ० ते ५ अशा सहा ओळी आखा आणि त्या त्या फरकासमोर ताळ्याच्या खुणा करा: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सहा ओळींवरून जिंकणारा केव्हाही काढता येतो, पण दोन रकान्यांवरून सहा ओळी परत मिळत नाहीत. शिवाय काही बिनसलं तर कुठे बिनसलं याचा माग सहा ओळींतच लागतो. एकाने टाकायचे, दुसऱ्याने लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा.

दर दहा फेकींनंतर थोडं थांबून पहिल्याचे एकूण डाव आणि आतापर्यंतचं गुणोत्तर बाजूला लिहा. दहा फेकींनंतरचं, वीसनंतरचं, तीसनंतरचं. ही चालती नोंद आलेखावर मांडा: आडव्या अक्षावर फेकींची संख्या, उभ्यावर गुणोत्तर, आणि ०.६६७ वर एक सरळ रेघ. सुरुवातीला तुमची रेघ वेडीवाकडी उड्या मारेल आणि मग हळूहळू त्या सरळ रेघेच्या आसपास रेंगाळू लागेल. या प्रयोगातली बघण्यासारखी गोष्ट कोणती असं विचारलंत तर मी शेवटच्या आकड्याआधी या आलेखाकडे बोट दाखवीन.

आता तुलना: तफावत किती चालेल?

समजा साठ फेकींत पहिल्याचे ३५ डाव आले. प्रायोगिक संभाव्यता ३५/६० म्हणजे ०.५८३, सैद्धांतिक ०.६६७. टक्क्यांत तफावत ८ हून जास्त. चुकलं का काही?

आधी हे बघा की नेमके ४० येण्याची शक्यताच किती होती: सुमारे ११ टक्के. ४० हा सगळ्यात संभाव्य आकडा आहे, आणि तरीही नवांपैकी आठ वेळा दुसराच काहीतरी आकडा येणार. म्हणून वहीत प्रायोगिक उत्तर सैद्धांतिक उत्तराशी बरोब्बर जुळलेलं दिसलं की मला कौतुकापेक्षा शंका जास्त येते. वर्गातल्या सगळ्यांचंच जुळलं असेल तर शंकेची खात्रीच होते.

तफावत किती चालेल याचा एक आडाखा आहे. फेकींची संख्या, घटना घडण्याची संभाव्यता आणि न घडण्याची संभाव्यता यांचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ काढा. याला प्रमाण विचलन म्हणतात. त्याची दुप्पट अपेक्षित आकड्यात मिळवा आणि त्यातून वजाही करा. फासे चांगले असतील आणि तुमचा तक्ता बरोबर असेल, तर शंभरपैकी साधारण ९५ वेळा तुमचा आकडा या पट्ट्यात पडेल.

आपल्या खेळासाठी: ६० × २/३ × १/३ = १३.३३, वर्गमूळ ३.६५, दुप्पट ७.३. म्हणजे ३३ ते ४७ यांतला कोणताही आकडा आला तरी कपाळावर आठी नको. ३५ बिनधास्त पट्ट्यात आहे. २८ आले असते तर मात्र थांबून विचार करावा लागला असता.

हाच हिशेब मोठ्या संख्यांसाठी केला तर असं दिसतं:

| फेकी | पहिल्याचे अपेक्षित डाव | चालेल असा पट्टा | टक्क्यांत |
|---|---|---|---|
| ६० | ४० | ३३ ते ४७ | ५५ ते ७८ |
| २४० | १६० | १४६ ते १७४ | ६१ ते ७३ |
| ९६० | ६४० | ६११ ते ६६९ | ६४ ते ७० |

शेवटचा स्तंभ वरून खाली वाचा. फेकी चौपट केल्या की टक्क्यांतला पट्टा निम्मा होतो. चौपट मेहनतीला दुप्पट नेमकेपणा, हा इथला भाव, आणि त्यात सूट नाही. वर्गमूळ आलं की असंच होतं.

आता तिसरा स्तंभ वाचा. तिथे उलटंच चाललंय: अपेक्षित आकड्यापासून साठ फेकींत सात डाव इकडेतिकडे चालत होते, ९६० फेकींत एकोणतीस चालतात. डावांच्या संख्येत मोजलेली तफावत वाढते, गुणोत्तरात मोजलेली घटते. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना जॉन केरिक या गणितज्ञाने नाणं दहा हजार वेळा उडवून नोंद ठेवली. पहिल्या शंभरात छापे ४४, म्हणजे निम्म्यापेक्षा ६ कमी. पूर्ण दहा हजारांत छापे ५,०६७, म्हणजे निम्म्यापेक्षा ६७ जास्त. सहाचे सदुसष्ट झाले. पण टक्क्यांत तफावत ६ वरून ०.६७ वर आली.

स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली यांच्या निधनानंतर १७१३ मध्ये छापल्या गेलेल्या 'आर्स कंजेक्टांडी' या ग्रंथात जो मोठ्या संख्यांचा नियम (फेकी वाढत गेल्या की गुणोत्तर सैद्धांतिक संभाव्यतेच्या जवळ येत जातं) सिद्ध केला आहे, तो गुणोत्तराबद्दल बोलतो, डावांच्या संख्येबद्दल नाही. हा भेद सुटला की लगेच जुगाऱ्यांचा जुना भ्रम आत शिरतो. दुसऱ्या खेळाडूने सलग चार डाव जिंकले, तेव्हा आता 'भरपाई' म्हणून पहिल्याचे डाव जास्त येणार, असं वाटतं. फासे काही भरून देत नाहीत. पाचव्या डावातही पहिल्याची संभाव्यता २/३ च आहे. ते चार डाव कुणी पुसून टाकत नाही. पुढे शेकडो डाव साचतात आणि त्यांच्या गर्दीत चाराचं वजन नगण्य होतं. शिवाय सलग चार हे काही नवल नाही. ठरावीक चार डावांत तसं होण्याची शक्यता ८१ मध्ये १ आहे, पण साठ फेकींच्या प्रयोगात कुठेतरी तशी रांग लागण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरते.

सहा ओळींकडेही एक नजर टाका. फरक १ ची ओळ सगळ्यात लांब आणि ५ ची सगळ्यात आखूड असावी. पण दुर्मीळ घटनांच्या बाबतीत घाई नको. फरक ५ ची संभाव्यता २/३६ आहे, म्हणून ३६ फेकींत तो दोनदा 'यायला हवा'. तरीही तो एकदाही न येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के आहे. वरचा वर्गमूळाचा आडाखा इतक्या छोट्या अपेक्षित संख्यांना लावू नका. घडण्याची आणि न घडण्याची अपेक्षित संख्या निदान दहाच्या घरात असली तरच तो भरवशाचा.

पट्ट्याबाहेर गेलं तर

आधी हिशेब तपासा, मग नोंद. ताळ्याच्या खुणांची एकूण बेरीज ठरवलेल्या फेकींइतकी आहे का? वजाबाकीच्या वेळी कुणी ६ आणि १ ची बेरीज तर लिहिली नाही ना? बहुतेक भानगडी इथेच सापडतात. नाही सापडल्या तर तक्ता पुन्हा मोजा. त्यातही दोष नसेल तर लक्षात ठेवा की सगळं चोख असतानाही वीसपैकी एका वेळी आकडा पट्ट्याबाहेर जातोच. प्रयोग पुन्हा, पहिल्यापेक्षा जास्त फेकींचा करा. आधीचा आकडा टाकून द्यायचा नाही, दोन्ही लिहायचे.

दुसऱ्यांदाही तसंच झालं तर संशय फाशांवर घ्यायला हरकत नाही. 'समसंभाव्य' हे आपण गृहीत धरलेलं आहे, फाशांनी तसं वचन दिलेलं नाही. याचा नामांकित दाखला इंग्लंडच्या वेल्डन या जीवशास्त्रज्ञाचा. त्यांनी १२ फासे एकदम टाकून २६,३०६ वेळा नोंद केली आणि १८९४ मध्ये ती संख्याशास्त्राचे अभ्यासक फ्रान्सिस गाल्टन यांना पत्राने कळवली. एकूण ३,१५,६७२ फासे पडले. ५ किंवा ६ पडण्याची सैद्धांतिक संभाव्यता १/३, म्हणजे अपेक्षित संख्या १,०५,२२४. प्रत्यक्षात आली १,०६,६०२. गुणोत्तर ०.३३७७, अपेक्षा ०.३३३३. नुसत्या डोळ्यांना ही तफावत काहीच वाटत नाही, आपल्या साठ फेकींतली ८ टक्क्यांची तर केवढी मोठी होती! पण आडाखा लावा: ३,१५,६७२ × १/३ × २/३ चं वर्गमूळ सुमारे २६५, आणि तफावत १,३७८ ची. म्हणजे दोन नव्हे, पाच प्रमाण विचलनांच्या पलीकडे. योगायोगाने असं होत नाही. नेहमी दिलं जाणारं कारण असं की ठिपके कोरून केलेल्या फाशांत सहा खळगे असलेली बाजू एक खळगा असलेल्या समोरच्या बाजूपेक्षा किंचित हलकी होते आणि वर राहायला बघते.

नाणंही धुतल्या तांदळासारखं नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४८ जणांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली. उडवताना जी बाजू वर होती तीच पुन्हा वर पडण्याचं प्रमाण ५०.८ टक्के निघालं. छापा-काट्याच्या गणितात यामुळे उलथापालथ होत नाही. पण नाणं हवेत जाण्याआधी कोणती बाजू वर आहे हे झाकून ठेवावं, एवढं मात्र त्यातून घ्यावं.

म्हणजे मोठी टक्केवारी निरुपद्रवी आणि इवलीशी टक्केवारी गंभीर, असं होऊ शकतं. तफावत किती, हा प्रश्न किती फेकींनंतर याच्याशिवाय विचारूच नये.

संगणकाची मदत, आणि त्यातली फसगत

हजारभर फेकी हाताने टाकायचा कंटाळा येतो, ते स्वाभाविक आहे. एक्सेलसारख्या तक्त्यात 'रँडबिट्वीन' हे सूत्र १ ते ६ च्या मर्यादेत दोन स्तंभांत भरा, तिसऱ्या स्तंभात 'एबीएस' वापरून त्यांचा फरक काढा, आणि 'काउंटइफ' ने २ किंवा त्याहून कमी फरक असलेल्या ओळी मोजा. सूत्र हजार ओळींपर्यंत खाली ओढलं की क्षणात हजार डाव होतात, आणि तक्ता पुन्हा मोजायला लावला की नवे हजार. पट्टा कसा आकसतो हे बघायला यासारखी दुसरी सोय नाही.

मात्र हे तुमच्या फाशांबद्दल काही सांगत नाही. संगणकाला सहाही आकडे सारखेच शक्य आहेत असं तुम्हीच सांगितलेलं असतं. त्यात तपासली जाते ती फक्त तुमची मोजणी, आणि तीही तुम्ही खेळ प्रामाणिकपणे उतरवला असेल तर. एखाद्याने दोन फाशांऐवजी थेट ० ते ५ मधला आकडा काढायला लावला तर गुणोत्तर निम्म्याच्या जवळ येईल, आणि 'प्रयोगाने सिद्ध झालं, खेळ सरळ आहे' असं तो म्हणेल. जी चूक कागदावर झाली असती तीच सूत्रात गेली, आणि दहा लाख ओळींनीही ती उघडी पडणार नाही. म्हणून सुरुवात खऱ्या फाशांनीच करावी असं माझं मत आहे.

प्रयोगाची धाव कुठवर

प्रयोगाने सगळंच हाताला लागत नाही. तीन फाशांच्या बेरजेबद्दलचा एक प्रश्न गॅलिलिओ यांच्याकडे आला होता. ९ आणि १० या दोन्ही बेरजा प्रत्येकी सहा प्रकारच्या त्रिकुटांनी होतात, तरी खेळणाऱ्यांना अनुभवाने १० जास्त वेळा येतो असं वाटत होतं. गॅलिलिओंनी सगळ्या २१६ निष्पत्ती मोजून दाखवल्या: ९ साठी २५, १० साठी २७. (३, ३, ३) हे त्रिकुट एकाच प्रकारे पडतं, (१, ३, ६) सहा प्रकारे. पुन्हा तीच गोष्ट. कागदावर हे अर्ध्या तासात सुटतं. हाच फरक फासे टाकून खात्रीने दाखवायचा तर आपल्याच आडाख्याने सुमारे ११,२०० फेकी लागतात. उलट बाजूला बाटलीचं झाकण घ्या. ते उडवलं तर उताणं पडेल की पालथं? इथे समसंभाव्य निष्पत्तींचा तक्ताच मांडता येत नाही, तेव्हा मोजणं हाच मार्ग.

खेळ सरळ करा, आणि तो ओळखता येतो का बघा

आता आपला वाकडा खेळ दुरुस्त करता येईल. एक उपाय गुणांचा: पहिल्याला प्रत्येक डावाचा एक गुण, दुसऱ्याला दोन. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात तक्त्याची घरंच नव्याने वाटायची असतात: दोघांना अठरा-अठरा मिळतील अशी. फरक विषम आला तर पहिला, सम आला तर दुसरा. विषमची घरं १० + ६ + २ = १८, समची (शून्य धरून) ६ + ८ + ४ = १८. १ आणि २ एकाला, बाकी सगळे दुसऱ्याला, असंही जमतं. आणखी एक वाटणी आहे, ती शोधा.

मग मित्राला सांगा की त्याने जुना किंवा नवा यांतला एक नियम मनात धरावा, तुम्हाला न दाखवता फासे टाकावेत, आणि डाव पहिल्याचा की दुसऱ्याचा एवढंच सांगावं. किती डावांत तुम्ही नियम ओळखाल? साठ डावांत सरळ खेळाचा पट्टा २३ ते ३७ येतो, जुन्याचा ३३ ते ४७. पहिल्याचे ३५ डाव आले तर ते दोन्हींत बसतात, आणि तुम्हाला काहीच सांगता येणार नाही. २४० डावांत सरळ खेळाचा पट्टा १०५ ते १३५, जुन्याचा १४६ ते १७४. आता ते एकमेकांना शिवत नाहीत. एका फेकीला नोंदीसकट दहा सेकंद धरले तर हे काम चाळीस मिनिटांचं आहे.